‘घरी नको’ म्हणणारी मुलगी

तासगाव तालुक्यातून एका आईचं सहा पानी पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनीच लिहिलं आहे, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मी बदलले आहेत. घरची द्राक्षबाग, एकत्र कुटुंब, सासूबाई, दीर-जाऊ. मुलगी पंधरा वर्षांची. नववीत असताना तिचं जेवण तुटलं, झोप गेली, शाळा सुटली आणि ती स्वतःच्या हातांवर जखमा करून घ्यायला लागली. मिरजेत दोनदा ॲडमिट करावं लागलं. पोलीस केस होईल या भीतीनं पहिल्या वेळी घरच्यांनी डॉक्टरांनाही खरं सांगितलं नाही. मार्चमध्ये डॉक्टरांच्याच सल्ल्यानं तिला पुणे जिल्ह्यातल्या एका निवासी केंद्रात ठेवलं. तिथं अशाच चौदा मुली आहेत. उपचार आणि शाळा एकाच आवारात. दहावी बाहेरून देण्याचा 17 नंबरचा फॉर्म तिथूनच भरला आहे. खर्च महिन्याला 45 हजार. गावात सांगितलंय की पोरगी पुण्याला मावशीकडं क्लासला आहे. सात महिन्यांत ती खायला लागली, हसायला लागली, बाकीच्या मुलींबरोबर पाळीपाळीनं भाकऱ्या थापते. दिवाळीत तिला कायमचं घरी आणायचं ठरत होतं, आणि गेल्या भेटीत ती म्हणाली, ‘आई, परीक्षेपर्यंत इथंच राहू दे. घरी नको.’ सासूबाई म्हणतात, पोरीची जात, आता बास. अमेरिकेतल्या भाच्यानं कळवलंय की तिकडं असल्या शाळा बदनाम आहेत. नवरा काहीच बोलत नाही. आई विचारतात: ‘बरी झाली तर घर का नको? सात महिन्यांत आम्ही तिला परके झालो का?’

*

ताई,

तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहून पुढे गेलात आणि मी तिथंच अडकले. भेटीच्या खोलीत ती आली तेव्हा तिचे हात ओले होते, ओढणीला पुसत आली. तुम्ही आधी तिची बाही वर सारून मनगट बघितलंत. नवीन काही नाही असं दिसल्यावर मग तिच्या तोंडाकडं बघितलंत. ती काही बोलली नाही. बाही खाली ओढून घेतली आणि तुमच्या शेजारी बसली. ‘घरी नको’ हे ती त्यानंतर अर्ध्या तासानं म्हणाली.

यात तुमची चूक काढत नाही. रात्री दोन वाजता लेकीला गाडीत घालून मिरज गाठलेली आई आधी मनगटच बघणार. पण आता जरा तिच्या जागी बसून बघा. घरात माणसं सात. सातही जण येता-जाता आधी मनगटाकडं बघणार, बाथरूमला दोन मिनिटं जास्त लागली तर दारावर थाप पडणार, ताटात अर्धी भाकरी राहिली तर सगळे एकमेकांकडं बघणार. तिथं तिला दिवसभर राहायचं आहे, आणि वर दहावीचा अभ्यास करायचा आहे. केंद्रातही लक्ष असतंच, कदाचित जास्तच असेल. पण तिथं चौदाही जणींवर सारखं असतं. घरी ती एकटीच बघण्याची वस्तू होणार.

तुम्ही ‘घरी नको’चा अर्थ ‘तुम्ही नको’ असा लावलात. मला तुमच्याच पत्रात उलटा पुरावा दिसतो. गेल्या वेळी तुम्ही बेदाण्याची अर्धा किलोची पिशवी नेली होती. ती तिनं स्वतःजवळ ठेवली नाही, तिथल्या तिथं फोडली आणि मुलींना हाका मारून वाटली, ‘आमच्या शेडवरचे आहेत’ असं सांगत. मनातून घर पुसून टाकलेली मुलगी ‘आमच्या शेडवरचे’ म्हणत नाही हो. तिला घर हवं आहे. त्या घरात मार्चच्या आधी जशी होती तशी पुन्हा व्हायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं मला ऐकू येतं.

तुमच्या भागातलं उदाहरण देते. पाण्याची मोटर जळाली की आपण ती रिवाइंडिंगला टाकतो. कारागीर तांब्याची तार नव्यानं भरतो, टेस्ट करून देतो, त्याच्या टेबलावर मोटर झकास चालते. मग आपण ती आणून त्याच खांबावर, त्याच कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजवर जोडतो. पंधरा दिवसांत पुन्हा वास येतो, आणि आपण कारागिराच्या नावानं खडे फोडतो. तुमच्या मालकांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. मुलगी काही मोटर नाही, उदाहरण तेवढ्यापुरतंच घ्या. पण सात महिन्यांत तिच्यावर 45 हजारांप्रमाणे खर्च झाला, त्या काळात घरात काय बदललं, हे सहा पानांत कुठंच आलेलं नाही. मी पत्र दोनदा वाचलं.

बदललं पाहिजे म्हणजे काय, तेही तुमच्याच पत्रातून सांगते. ऑगस्टमधल्या भेटीत तुम्ही तिला वजनावरून काहीतरी बोललात. तेव्हा ती म्हणाली, ‘आई, मला आत्ता राग येतोय. दहा मिनिटं बाहेर जाऊन येते, मग बोलू.’ आणि खरोखर दहा मिनिटांनी परत आली. तुम्ही लिहिता, ‘मला धक्का बसला. आमच्यात असं कुणी बोलत नाही.’

ताई, सात महिन्यांची कमाई ती हीच. वजन वाढलं, झोप लागायला लागली हे मोलाचंच आहे, पण रागाला नाव देता येणं आणि तो राग हातावर न काढता दाराबाहेर घेऊन जाता येणं, हे ती तिथं शिकली. वर्तुळात बसून, रोज, चुकत-माकत, चौदा जणींसमोर. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी नावाची एक पद्धत आहे. तिच्यात नेमकं हेच शिकवतात: भावना ओळखणं, ती लाट ओसरेपर्यंत तग धरणं, हवं ते नीट मागणं. किशोरवयीन मुलांसाठी या पद्धतीचं जे रूप आहे, त्यात आई-वडिलांनाही मुलांबरोबर या वर्गात बसवतात. कारण साधं आहे. एकट्या मुलीनं शिकलेली भाषा घरी समजणारं कुणी नसेल तर ती बोलणार कुणाशी? उद्या स्वयंपाकघरात ती म्हणाली, ‘आजी, मला राग येतोय, दहा मिनिटं द्या,’ तर तुमच्या सासूबाई काय म्हणतील? ‘लई शाणी झालीस पुण्याला जाऊन.’ दोनदा असं झालं की ती भाषा गेली म्हणून समजा, आणि भाषा गेली की मागं काय उरतं ते तुम्ही बघितलं आहे.

मला हे कळतं कारण मी त्या बाजूलाही उभी होते. समुपदेशनात येण्याआधी सहा वर्षं मी एका मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. कुठल्या ते सांगत नाही. मुलींची पत्रं फोडून वाचायची आणि मग वाटायची, अशी तिथली पद्धत होती, आणि मीही ती बिनबोभाट पाळली. आठवीतल्या एका मुलीनं आईला लिहिलं होतं की रात्री रडू येतं. मी तिला ऑफिसात बोलावून चांगलं समजावलं, म्हणजे मला तरी ते चांगलं वाटलं. त्यानंतर तिची पत्रं यायची ती ‘मी मजेत आहे, अभ्यास चालू आहे’ एवढीच. वर्षभर तेच दोन शब्द. मला वाटलं, पोरगी रुळली. दहावीला ती वसतिगृह सोडून गेली तेव्हा तिच्या उशीच्या अभ्र्यात न पाठवलेली अकरा पत्रं सापडली. ती मात्र मी वाचली नाहीत, तिच्या आईकडं दिली. ‘मी मजेत आहे’ म्हणणाऱ्या मुलीपेक्षा ‘घरी नको’ म्हणणाऱ्या मुलीची काळजी मला कमी वाटते, ती तेव्हापासून.

कमी वाटते, पण अजिबात वाटत नाही असं नाही. ‘घरी नको’ला आणखी एक अर्थ असू शकतो आणि तो तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. घरात, भावकीत, शाळेच्या वाटेवर, शिकवणीला, तिला कुणाची भीती आहे का? कुणी नको तसं वागलं होतं का? वाचून तुम्हाला राग येईल, येऊ द्या. हे तुम्ही तिला थेट विचारू नका, फोनवर तर नाहीच. तिच्या समुपदेशक बाईंना सांगा की असं काही असेल तर आम्ही ऐकायला तयार आहोत, तो माणूस कुणीही असला तरी. शेवटचे पाच शब्द त्यांच्यामार्फत तिच्यापर्यंत जाऊ द्या. तसं काही निघालंच तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा आहे आणि चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर आहे. घरातल्या घरात मिटवायचं मग कुणी म्हणायचं नाही.

आता भाच्याचं. तो खोटं सांगत नाही. अमेरिकेत किशोरवयीन मुलांच्या निवासी उपचार-शाळांचा मोठा धंदा झाला आणि त्यात मारहाण, कोंडून ठेवणं, मुलांना आई-वडिलांशी बोलू न देणं असे प्रकार वर्षानुवर्षं चालले. तिथं राहिलेल्या मुली मोठ्या झाल्यावर बोलायला लागल्या. हॉटेलवाल्या हिल्टन कुटुंबातली पॅरिस हिल्टन 2021 मध्ये युटा राज्याच्या विधिमंडळासमोर साक्ष द्यायला उभी राहिली. त्याच वर्षी युटानं कायदा केला: वर्षातून चार तपासण्या, आणि मुलांना दर आठवड्याला घरच्यांशी खासगीत बोलता आलं पाहिजे. डिसेंबर 2024 मध्ये असल्या संस्थांमधल्या छळाबद्दल देशपातळीवरचा कायदाही झाला. म्हणून प्रत्येक केंद्र वाईट ठरत नाही. पण चांगलं-वाईट ओळखायची खूण त्या युटाच्या कायद्यातच आहे. मूल घरच्यांशी एकटं बोलू शकतं की नाही, तेवढं आधी बघायचं.

आपल्याकडं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, 2018 च्या मे महिन्यापासून लागू. मानसिक आजार असलेली माणसं जिथं राहून उपचार घेतात अशा जागेची त्याखाली नोंदणी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलीला दाखल केलं तर पालकांपैकी किंवा त्यांनी नेमलेल्या कुणीतरी पूर्ण काळ तिच्यासोबत राहायचं असतं. पालक म्हणून वडील असतील तर सोबत बाईमाणूसच हवं. मुक्काम 30 दिवसांपुढं गेला की याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं आणि दर 30 दिवसांनी मंडळानं फेरतपासणी करायची असते. तुमच्या पत्रात तिच्यासोबत कुणी राहिल्याचं दिसत नाही, मंडळाचाही उल्लेख नाही. मग केंद्राची नोंदणी नेमकी कशाखाली आहे, उपचार केंद्र म्हणून की वसतिगृह आणि शाळा म्हणून? भांडायला जाऊ नका, पण कागद बघायला मागा. सात महिन्यांचे पैसे भरणाऱ्या माणसाला एवढं विचारता आलं पाहिजे. त्यांच्या उत्तर देण्याच्या पद्धतीवरूनही तुम्हाला बरंच कळेल.

याच कायद्यात आणखी काही हक्क आहेत, ते ठाऊक असू द्या. फोन करता येणं, भेटायला आलेल्यांना भेटता येणं, स्वतःचे कपडे घालता येणं, सक्तीनं डोकं न भादरलं जाणं, सक्तीनं काम करायला न लावलं जाणं. भाकऱ्यांवरून तुमच्या जाऊबाई म्हणाल्या ना, ‘पैसे भरून पोरीला राबवून घेतात’? चौदा जणींनी पाळीनं भाकऱ्या करणं वेगळं, आणि चुकली म्हणून एकटीला भांड्यांच्या ढिगाला बसवणं वेगळं. तिला विचारा, ‘तुझी पाळी नको वाटली तर काय होतं?’ तिनं हसून काहीतरी सांगितलं तर ठीक. ती आधी दाराकडं बघून मग बोलायला लागली, तर तिला त्याच दिवशी गाडीत बसवा.

पोलीस केसची भीती मात्र आता काढून टाका. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, हे या 2017 च्या कायद्यानंच सांगितलं. तुमची लेक तर पंधरा वर्षांची आणि आजारी. डॉक्टरांपासून काही लपवू नका. पहिल्या वेळी लपवलंत, त्यात तिचे किती आठवडे गेले ते तुम्ही लिहिलंच आहे.

सासूबाईंचं म्हणणं, पोरगी घराबाहेर ठेवणं आपल्यात नाही. आपल्यात? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, आणि पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत पोरासोरांना तोंडपाठ आहे. तासगाव-वाळव्यातल्या किती घरांतले आजोबा बोर्डिंगात शिकले! त्यांना कुणी परकं म्हटलं नाही. फरक एवढाच की बोर्डिंगातून पोरगा सुट्टीला आला की गल्लीत सांगत सुटायचे. तुमच्या मुलीला मात्र दिवाळीत गल्लीतून चालताना मावशीच्या क्लासचं नाव पाठ करून यावं लागणार आहे. शिक्षक कोण, बॅच किती वाजताची, फी किती. ही थाप तुम्ही मारली, निभवायची तिला आहे. मला विचाराल तर ‘घरी नको’मध्ये याचाही वाटा असणार.

म्हणून गावात दवंडी पिटा असं मी म्हणत नाही. तिच्या आजाराची गोष्ट तिची आहे, किती सांगायची ते तिनं ठरवायचं. तिच्यासोबत बसून एक वाक्य तयार करा. खरं असावं, आखूड असावं, आणि सासूबाईंपासून धाकट्या पुतण्यापर्यंत सगळ्यांनी तेच म्हणावं. ‘तब्येत बरी नव्हती, उपचार चालू होते, आता दहावी देतेय’ असं काहीतरी. याच्यापुढं विचारणाऱ्याला चहा द्यावा. लग्नाला अडचण येईल हा मुद्दा पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मी चर्चेलाच घेत नाही.

तर आणायचं की ठेवायचं?

कागदपत्रं ठीक निघाली, भीतीचं कारण काही निघालं नाही, आणि ती तुमच्याशी एकांतात मोकळेपणानं बोलते आहे, तर मी तिला परीक्षेपर्यंत राहू देईन. शरीर आणि मन आत्ता कुठं रुळावर आलं आहे. फॉर्म भरताना संपर्क केंद्र म्हणून तिकडचीच शाळा घेतली असेल, परीक्षा फेब्रुवारी-मार्चवर आली आहे, तिच्या मध्येच घर बदलणं म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. पण ‘परीक्षेपर्यंत’ म्हणजे परीक्षेपर्यंतच, हे तिला आणि केंद्राला आत्ताच स्पष्ट सांगा. शेवटच्या पेपरनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहा. केंद्राच्या आवारात बरं राहणं तुलनेनं सोपं असतं. तिथं जाऊबाई नाहीत, हातात स्वतःचा मोबाइल नाही, वर्गातल्या मुली नाहीत. सारखी सारखी मुदत वाढत गेली तर बाहेरचं जग तिला आणखी अवघड होईल. ‘अजून सहा महिने’ असं केंद्राकडून आलं, तर का, आणि सहा महिन्यांनी नेमकं काय वेगळं दिसेल, हे लेखी मागा.

दिवाळीत तिला कायमची आणू नका, पाच दिवसांसाठी आणा. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी येईल, भाऊबीज करून जाईल. परत जायचं आहे हे पक्कं असेल तर ती बहुधा आनंदानं येईल. हे पाच दिवस म्हणजे तुमची तालीम. तिच्या समुपदेशक बाईंना आधी फोन करून विचारा: तिला बरं वाटेनासं झालं तर सुरुवातीच्या खुणा काय असतात, तेव्हा तिला काय केलेलं चालतं, काय चालत नाही. ते एका कागदावर लिहा. ती परत गेल्यावर त्याच कागदावर लिहा, कुठं अडलं. मार्चपर्यंत असे दोन-तीन कागद झाले की घर किती तयार आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तिच्या येण्याआधी एक काम मात्र करायचंच, आणि ते मालकांनी करायचं. दिवाळीच्या सुमाराला फळछाटणी झालेली असते, फवारण्या जोरात असतात, आणि औषधांचे डबे पडवीत, जिन्याखाली, माळ्यावर पडलेले असतात. ते सगळे घरातून हलवा. बागेतल्या खोलीत कुलपात ठेवा, किल्ली एकाच माणसाच्या कमरेला. रिकामे डबेसुद्धा घरात नकोत. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणि तिच्या स्वतःच्या गोळ्याही कुलपात, रोजच्या रोज काढून द्यायच्या. तिच्यावर संशय आहे म्हणून नव्हे. अशा वेळी येणारी लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्या मोठ्या प्रमाणावर घटल्या. हे काम तुमच्या तालुक्यात प्रत्येक घरानं करावं, घरात आजारी मुलगी असो वा नसो.

मार्चनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जपायचे. असा मुक्काम संपवून घरी आलेल्या माणसाला जास्त धोका याच काळात असतो. केंद्रातून निघण्याआधी उपचारांचा सारांश आणि औषधांची यादी हातात घ्या, मिरजेच्या डॉक्टरांची पहिल्या आठवड्यातली वेळ आधीच घेऊन ठेवा. हातावर पुन्हा एखादी जखम दिसली तर ‘सगळं पाण्यात गेलं’ असं तिच्यासमोर म्हणू नका. कुणालाही म्हणू देऊ नका. जखम धुवायची, डॉक्टरांना फोन करायचा, शेजारी बसायचं. मध्यरात्री कुणाला विचारावं असं झालं तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

ज्यांना महिना 45 हजार स्वप्नातही शक्य नाहीत, अशी पत्रं मला जास्त येतात. त्यांच्यासाठी दोन ओळी. निवासी केंद्र ही पहिली पायरी नव्हेच. अशा बहुतेक मुली घरी राहून, आठवड्याला किंवा पंधरवड्याला भेटी घेऊन, औषधांनी आणि घरच्यांना सोबत घेऊन केलेल्या समुपदेशनानं सावरू शकतात. सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे, आणि किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक चालतात. तिथला केसपेपर फुकट किंवा काही रुपयांत निघतो. रांगेत उभं राहायची लाज तेवढी बाजूला ठेवावी लागते.

राहिले मुलीचे वडील. सात महिन्यांत ते एकदाही आत आले नाहीत, गाडीतच बसून राहिले, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. पण बेदाण्याची पिशवी कोण भरून देतं, तेही तुम्हीच लिहिलंय: निवडून, काड्या काढून, ते स्वतः. त्यांना बोलता येत नसेल. बोलायला सांगू नका, आत यायला सांगा. त्यांनी तिच्यासमोर बसावं आणि छाटणीला यंदा किती मजूर आले, घड कसे निघालेत, एवढंच सांगावं. तिला ऐकायला आवडेल असं मला का वाटतं ते सांगू शकत नाही, पण वाटतं.

आणि तुम्ही, पुढच्या भेटीत बाहीला हात लावायच्या आधी तिला विचारा, ‘बघू का?’ ती नको म्हणाली तर नको. बेदाणे मात्र अर्धा किलो नेऊ नका, दोन किलो न्या. मुली चौदा आहेत.